गाडीची तहान

“क्यान नीट बांध, रंगा. वाटंत सांडलं तर तितं काय पिणार?”

आत्याबाई जीपच्या मागच्या बाकावरून हुकूम सोडत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज असा की परड्यातल्या कोंबड्या उडाव्यात. रंगा म्हणजे आमचे मालक. पाण्याचा पांढरा कॅन बाकाखाली सरकवून त्यांनी त्याला सुतळीचे दोन वेढे दिले, गाठ मारली आणि ओढून बघितली.

“आन् फिरकीचा तांब्या?”

“तुमच्याच मांडीवर हाय की, आत्याबाई,” मी म्हटलं.

“मांडीवर हाय ते मला दिसतंय. भरलाय का ते इचारती.”

तांब्या काठोकाठ भरून त्याचं फिरकीचं झाकण घट्ट आवळलेलं होतं. भाकरी फडक्यात बांधल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, कांदे होते. लेकीच्या घरी निघालो होतो, आणि जेवण-पाणी सगळं आपल्या घरून घेऊन निघालो होतो.

आमच्यात रीतच तशी होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या माहेरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. बहुतेक लेकींच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांत ही अडचण आपोआप सरायची. बारशाला आईबाप जायचे, पोटभर जेवायचे, आणि रीत कधी होती हेही विसरून जायचे. आमच्या शालनच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि तिच्या घरी पाळणा हलला नव्हता.

त्या आठ वर्षांत आम्ही तीनदा तिच्याकडं गेलो. तिन्ही वेळा तिच्या पडवीत बसून आपली भाकरी खाल्ली, आपलं पाणी प्यालो आणि पदर झटकून परत आलो. ती प्रत्येक वेळी गूळ आणि पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवायची. आम्ही निघालो की तसाच उचलून आत न्यायची. तोंडानं कधी काही बोलली नाही.

बोलली ती मागच्या दिवाळीला. माहेरी आली होती. परत जायच्या दिवशी मालक अंगणात जीपचं चाक बदलत होते, तिथं जाऊन उभी राहिली.

“दादा, उन्हाळ्यात याल तवा माझ्या घरचं पाणी पिऊन जायचं. न्हाईतर येऊ नका. मीबी हिकडं येणार न्हाई.”

“शालन!” मी ओरडले.

“आई, वाडीतल्या बाया काय म्हणत्यात ठावं हाय? तुझ्या माहेरचं लोक पावणं हायती का फेरीवालं? आपली शिदोरी सोडत्यात, आपलं पाणी पित्यात, झाडाखाली बसल्यागत बसत्यात आन् जात्यात. मला मूल न्हाई, हे दर खेपंला येऊन वाडीला सांगायलाच पायजे का?”

मालकांनी नट आवळला. हात पुसले. एवढंच म्हणाले, “यष्टी चुकंल. चल.”

शालन बोलली ते करणारी होती. बापावरच गेलेली. त्यामुळं या खेपेला पाणी न पिता परत आलो तर लेक तुटली, हे मला पक्कं ठाऊक होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी मालकांना विचारलं, “उद्या काय करायचं?”

“आईला इचार.”

आईला म्हणजे आत्याबाईंना विचारायचं धाडस मी केलं. त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माझ्या थोरल्या भनीच्या घरी आमचा बाप वाटीभर ताक प्याला. उन्हातनं गेला हुता, ऱ्हावलं न्हाई त्याला. भनीची कूस शेवटापातूर उजवली न्हाई. आता सांग. शालन तुझी हाय, तशी माझी न्हाई व्हय? एका घोटापायी तिचं नशीब बांधू?”

त्या दुष्टपणानं बोलत असत्या तर भांडले असते. त्या भीत होत्या. आणि पहाटे उठून बघते तर मालक हौदावर बसून स्वतःच्या हातानं कॅन भरत होते. मी काय समजायचं ते समजले.

आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, शालनचं चिपळूणच्या खाली. मध्ये घाट. मालकांनी या घाटानं किती वर्षं कांद्याची पोती खाली नेली आणि आंब्याच्या पेट्या वर आणल्या, त्याला गणती नाही. रस्ता त्यांच्या हाताला पाठ होता. पण घाट कसा दिसतो, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “वळणं लई हायती.”

पाटणच्या स्टँडजवळ त्यांनी गाडी थांबवली आणि तिखट शेवेची पुडी घेऊन आले. आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली.

“ह्ये काय रं?”

“खा वाटंला.”

“आज सूर्य कुटनं उगवला म्हनायचा!” आत्याबाई खूश झाल्या. दात नव्हते, पण शेव हिरडीवर विरघळते. चढण लागेपर्यंत त्यांनी अर्धी पुडी संपवली आणि तांब्यातलं दोन घोट पाणी प्याल्या.

मे महिन्याचं ऊन. डोंगर वाळून पिवळे पडलेले, मध्येच वणव्यानं काळे केलेले. पण घळीघळींतून झाडं हिरवी होती. करवंदीच्या जाळ्या लगडल्या होत्या, आणि एकेका वळणावर बहावा असा फुललेला, की हळदीच्या अंगानं नवरी उभी असावी. जीपच्या उघड्या बाजूनं वारा यायचा, त्याला जांभळाचा वास होता. मनात एवढं ओझं होतं, तरी डोळे बाहेरच जात होते. आत्याबाई तर लहान पोरीसारख्या बघत होत्या, मला ढोसत होत्या.

“सोना, ती बग, ती बग, करवंदं! रंगा, थांब की.”

“आता चढाला न्हाई थांबत. गाडी तापतीय.”

खरंच तापत होती. एक लादलेला ट्रक आमच्या पुढं मुंगीच्या पावलानं चढत होता आणि त्याच्या मागं आमची जीप खालच्या गिअरमध्ये कण्हत होती. ट्रक कसाबसा बाजूला झाला, तोवर आमच्या बॉनेटखालून वाफ निघायला लागली. मालकांनी गाडी कडेला घेतली. चाकांमागं दगड लावले. बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

आम्ही दोघी खाली उतरून बहाव्याच्या सावलीला बसलो. समोर रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी होती, तिच्यावर काळी अक्षरं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. आत्याबाईंना तर नाहीच.

“काय लिवलंय वो?” मी विचारलं. काही धोका-बिका असेल असं वाटलं.

मालकांनी पाटीकडं बघितलं. जरा वेळ बघत राहिले.

“हॉर्न वाजवा म्हणून लिवलंय. म्होरं वळण हाय.”

मग ते जीपकडं गेले, सुतळी सोडली आणि कॅन बाहेर काढला.

“आरं, आरं! त्ये आपलं प्यायचं पाणी हाय!” आत्याबाई उठल्याच.

“मग गाडीला काय पाजू? घाम?”

“कुटं झरा-बिरा बघ.”

“मे म्हैन्यात झरा? हितंच बसायचं का रातभर? वाघरू येतं हिकडं.”

वाघाचं नाव ऐकून आत्याबाई बसल्या. मालकांनी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण सैल केलं. सूं करून वाफ उडाली. ती बसल्यावर इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी ओतायला सुरुवात केली. आत ओतलं, वरून जाळीवर ओतलं, पुन्हा आत ओतलं. कॅन आडवा झाला, उलटा झाला.

“समदा?” आत्याबाईंचा आवाज बसला होता.

“हिला माणसापरीस जास्त तहान असती.” मालकांनी कॅन झटकला. मग हात पुढं केला. “आई, तांब्या.”

आत्याबाईंनी तांब्या छातीशी धरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी काही मार्ग काढणार होते. मी त्यांच्या हातातून हळूच तांब्या घेतला, फिरकी उघडली आणि मालकांना दिला. तेही पाणी गेलं. मला रडू येत होतं. पाणी गेलं म्हणून नाही. आता शालनच्या दारात कोरड्या घशानं बसायचं, आणि तिचा तांब्या समोर असताना तो नाकारायचा, या विचारानं.

गाडी निघाली. पुढचं वळण यायच्या आधी मालकांनी वेग कमी केला आणि उजवीकडं हात केला.

“आई, ती बग. कोकण दिसतंय. तू बी बग गं.”

आम्ही दोघी उजवीकडं वळलो. दरी एकदम उघडली होती. खाली डोंगरामागं डोंगर निळे होत गेलेले, मध्ये नदीची रेघ चकाकत होती, आणि फार लांब, आभाळ संपतं तिथं, धुरकट उजेड होता.

“त्यो समुद्र का रं?”

“असंल. नीट बगा. पुन्ना दिसायचं न्हाई.”

वळण संपेपर्यंत आम्ही बघत राहिलो. तहान, रीत, शालन, सगळं तेवढ्यापुरतं विसरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं मला काही बघ म्हणून सांगितलेलं ते पहिलंच.

घाट उतरल्यावर उकाडा अंगावर आला. पहिल्या टपरीपाशी आत्याबाई म्हणाल्या, “रंगा, तांब्या भरून घे.”

“गाडी बंद केली तर आता चालू व्हायची न्हाई.”

दुसऱ्या गावातही तेच उत्तर. तिसऱ्यात आत्याबाईंनी विचारलंच नाही. शेवेनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

दुपार कलायच्या आत आम्ही शालनच्या दारात होतो. ती पडवीच्या खांबाला धरून उभी होती. हसली नाही. आम्ही घोंगडीवर टेकलो तशी आत गेली आणि गूळ-पाण्याचा तांब्या आणून पाटावर ठेवला. मग पाठ फिरवून पुन्हा खांबाशी उभी राहिली, तांब्या उचलायची वाट बघत असल्यासारखी.

आमचे जावई विश्रामराव गाडीभोवती फिरून आले. “काय ओ मामा, गाडी तापली वाटतं घाटात?”

“तापली.”

“मग पाणी?”

“हुतं तेवढं तिला घातलं.”

“सगळं?”

“समदं.”

शालनची पाठ हलली. तिनं वळून आधी बापाकडं बघितलं, मग रिकाम्या कॅनकडं.

आत्याबाईंनी जीभ ओठांवरून फिरवली. “सोना, शेजारणीकडनं तांब्याभर मागून आण.”

“आण की,” शालन म्हणाली. “शेजारीण आमच्याच हिरीचं भरती. वाडीत हीर एकच. आमच्या परड्यातली.”

“मग वढा?”

“मे म्हैन्यात वढा कुटला, आज्जी?”

“शहाळं तरी?”

“माड कुणाचा हाय, इचार तुझ्या नातजावयाला.”

विश्रामरावांनी खोकल्यात हसू दडवलं. “आमचाच आहे, आजी.”

आढ्याला भुंगा घोंघावत होता. मालक मान खाली घालून कॅनच्या सुतळीचे धागे उकलत बसले होते. मी मनातल्या मनात सगळे देव आळवत होते, पण मागायचं काय ते कळत नव्हतं. पाणी प्यालो आणि खरंच तिची कूस बांधली गेली तर? नाही प्यालो तर ही समोर उभी असलेली लेक पुन्हा दिसायची नाही.

“शालन, हितं ये,” आत्याबाई म्हणाल्या.

ती आली. समोर बसली.

“दोष लागतो त्यो पिणाऱ्याला का देणाऱ्याला?”

“मला काय ठावं, आज्जी?”

“मलाबी न्हाई ठावं. पर पिणाऱ्यालाच लागू दे.” त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या दोन्ही हातांनी उचलला. “रंगा, तू थांब. सोना, तूबी थांब. पयला घोट माजा. काय लागायचं ते मला लागंल. मी किती दिसाची?” मग वर आढ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, “देवा, ऐकतुयास न्हवं? पयला घोट हिच्या आज्जीनं घेतलाय. पोरीच्या वाटंला जाऊ नगंस. ध्येनात ठेव!”

आणि प्याल्या. हनुवटीवरून पाणी गळ्यापर्यंत ओघळलं, लुगडं भिजलं. तांब्या खाली ठेवून मोठा श्वास सोडला.

“ग्वाड हाय की गं तुझ्या हिरीचं पाणी.”

मी प्याले. मग मालकांनी तांब्या घेतला आणि वर धरून उरलेलं सगळं एका दमात संपवलं. बाहीनं मिशा पुसल्या. रिकामा तांब्या लेकीपुढं धरला.

“आनकी दे.”

शालन तांब्या घेऊन आत पळाली. हंड्यात तांब्या बुडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ ती बाहेर आली नाही. विश्रामराव उठून आत जायला लागले, तर आत्याबाईंनी त्यांना हातानं बसवलं. “रडू दे तिला. आठ वर्सांचं हाय.”

आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आमरस. पाच माणसांचा स्वयंपाक तयार होता. मी म्हटलं, “आमी खाणार हे तुला काय ठावं?” ती वाढत राहिली. उत्तर विश्रामरावांनी दिलं. “दर वेळी करते, मामी. तुम्ही गेलात की वाडीत वाटते.” माझा घास तोंडातच राहिला.

जेवणं झाल्यावर विश्रामराव म्हणाले, “मामा, गाडी फणसाच्या सावलीत घ्या. तापेल उन्हात.” मालक गेले, चावी फिरवली, गाडी सावलीत लावून आले आणि पडवीत घोरायला लागले. आम्ही चार दिवस राहिलो. निघताना शालननं आपल्या विहिरीच्या पाण्यानं कॅन भरून दिला आणि आत्याबाई ते पाणी घरी पोचल्यावरही दोन दिवस पुरवून पुरवून प्याल्या.

शालनला मूल झालं नाही. म्हणजे त्या रीतीनं चालत राहिलो असतो तर आम्ही आजतागायत तिच्या पडवीत उपाशी बसलो असतो. आत्याबाईंना त्याचा दोष कुणी लावला नाही, कारण त्या आधीच सगळ्या भावकीला सांगून मोकळ्या झाल्या होत्या, “पयला घोट मी घेतला. बोलायचं तर मला बोला.” बोलायची कुणाची छाती नव्हती. अखेरपर्यंत दर उन्हाळ्यात त्या कोकणात जायच्या. शेवटच्या दुखण्यात शालननं आणलेलं तिच्या विहिरीचंच पाणी त्यांच्या तोंडात पडलं.

जीप पुढच्याच पावसाळ्यात विकली. त्यानंतर आम्ही एस.टी.नं जायचो, आणि एस.टी.त घाट लागला की मी पदर तोंडावर घेऊन डोळे मिटून बसायची. पोटात ढवळायचं.

मग मालकही गेले. साधं माणूस, कमी बोलणारं. जाताना काही सांगून गेले नाहीत. सांगायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर, साठी ओलांडल्यावर, गावात बायकांचा वर्ग निघाला आणि मी पाटी हातात धरली. तेव्हापासून मला खोडच लागली आहे. दुकानाची पाटी असो, खताचं पोतं असो, दिसेल ते वाचत सुटते.

परवाच्या मे महिन्यात विश्रामराव आणि शालन मला न्यायला आले. आता त्यांची छोटी मोटार आहे. मला पुढं बसवलं. मागं शालन झोपली. काचा उघड्या होत्या, पोटात ढवळत नव्हतं, आणि मी घाट बघत, पाट्या वाचत चालले होते. खिंड जवळ आली. एका वळणाआधी तो बहावा दिसला. बुंधा केवढा झाला होता! फुलांनी लवलेला होता. त्याच्यासमोर पिवळी पाटी, काळी अक्षरं. रंग नवा होता, जागा तीच होती. मी एकेक अक्षर जुळवलं.

गाडीसाठी पाणी. पुढील वळणावर.

विश्रामरावांनी वळण घेतलं. या वेळी मी डावीकडं बघितलं. कातळाला लागून दगडी टाकं होतं. डोंगरातून काढलेल्या नळीतून मनगटाएवढी धार त्यात पडत होती, आणि एक ट्रकवाला निवांत डबा भरत होता. टाकं जुनं होतं. दगडावर हिरवं शेवाळ चढलं होतं. उजवीकडं दरी उघडली होती, डोंगरामागं डोंगर निळे होत गेलेले.

ती बग. कोकण दिसतंय. तू बी बग गं.

तिखट शेवेची पुडी आठवली. पाटीकडं बघत जरा वेळ उभे राहिलेले ते आठवले. आणि बंद केली तर चालू व्हायची नाही, अशी ती जीप फणसाखाली न्यायला एका चावीत सुरू झाली होती, ते आठवलं. आईला त्यांनी शब्दानं मोडलं नव्हतं. लेकीलाही नाही. मी दरीकडं बघत पदरातल्या पदरात हात जोडले.

“आई,” मागून शालनचा झोपाळलेला आवाज आला, “तोंडातल्या तोंडात काय वाचतीस गं? कसली पाटी हुती?”

“हॉर्न वाजवा म्हणून लिवलंय,” मी म्हटलं. “म्होरं वळण हाय.”

विश्रामरावांनी माझ्याकडं वळून बघितलं. ती पाटी त्यांनी शंभरदा वाचलेली असणार. पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी ते तसंच राहू दिलं. हात उचलला आणि लांबलचक हॉर्न दिला. दरीनं तो जसाच्या तसा परत केला.